दुपारच्या झोपेचं दुकान

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. पाय धरायला पत्रातून हात पोचत नाही, तरी पोचला असं समज. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? (आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत. त्याचं कारण पुढे येईलच.)

कचेरी बंद पडल्यापासून मी घरी असतो, हे तुला ठाऊकच आहे. घरी असणं हे काम नव्हे, असं तुझ्या भावजयीचं मत आहे. ती बोलत नाही, फक्त मी बसलेल्या खुर्चीखालून पुन्हा पुन्हा केर काढते. तेव्हा मी धंदा काढायचं ठरवलं. आमच्या कचेरीत जेवणानंतर सगळे उघड्या डोळ्यांनी झोपायचे. (साहेब तर सही करता करता घोरायचे, पण सही बरोबर यायची.) अशा माणसांना दुपारी घटकाभर आडवं व्हायला जागा दिली तर ती पैसे मोजणार नाहीत का? मी तुझ्या चिरंजीवांना फोन लावला. तू त्याला एवढी फी भरून व्यापार शिकवलास, त्यातला थोडा मामाच्या वाट्याला आला तर बिघडलं कुठे? तो म्हणाला, "मामा, आधी काही खर्च करू नकोस. घरातल्या घरात करून बघ, कुणाला हवंय का ते." खर्च न करणं मला लगेच जमलं.

पुढच्या खोलीत दोन खाटा टाकल्या आणि खिडकीला जुनी निळी चादर लावली. ताई, त्या चादरीतून ऊन आत आलं की खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते. भिंतीवर निळसर उजेड हलत राहतो, लांब कुठेतरी नळ ठिबकतो आणि आपण कोण, आपलं वय काय, याचा हळूहळू विसर पडतो. जाहिरात म्हणून पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून फाटकाला पाटी लावली: 'येथे दुपारची झोप मिळेल. आत माणसं झोपली आहेत, आवाज करू नये.' शिवाय न्हाव्याच्या कानावर घातलं. (न्हाव्यासारखा जाहिरातदार नाही, समोरच्याला अर्ध्या दाढीनं उठून जाता येत नाही.) पहिला आठवडा फुकट, हे चिरंजीवांचं शास्त्र.

पहिला आला तो विमा एजंट. मला मरणाची भीती घालता घालता वाक्याच्या मध्येच झोपला. उठला तेव्हा चेहरा इतका निवळला होता की विम्याचं नावही न काढता गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही खाटा भरल्या, तिसऱ्या दिवशी ओट्यावर माणसं वाट बघत बसली आणि बसल्या बसल्या पेंगली. मी मनातल्या मनात शाखा काढल्या.

घात केला तो पाटीनं. आपल्या गल्लीतली माणसं एरवी पाटी वाचतात ती मोडण्यासाठी, पण झोपलेल्याचा मान त्यांनी राखला. समोरच्या शिंप्यानं दुपारचं मशीन बंद ठेवलं. भंगारवाला गाडी ढकलत खुणेनं विचारू लागला. वरच्या मजल्यावरच्या सासूसुनांनी भांडण संध्याकाळवर टाकलं. गल्ली अशी शांत झाली की पडद्याची कडी सरकलेली ऐकू यावी. आणि फुकटचा आठवडा संपला त्या दिवशी माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. जाऊन बघतो तर एजंट शिंप्याच्या बाकावर आडवा. म्हणाला, "तुमच्याकडेच निघालो होतो हो. इथं एवढं शांत होतं, की पुढे येववेना." बाकीचे आपापल्या घरी झोपले होते. ज्या जाहिरातीनं माल घरपोच आणि फुकट वाटला, अशी ही बहुधा पहिलीच.

चिरंजीवांचा निकाल: "मामा, चाचणी यशस्वी. मागणी भरपूर आहे, गिऱ्हाईक नाही."

मी मात्र खचलो नाही. माझं चुकलं ते जागेत. हा धंदा गोंगाटात चालेल.

तुझा भाऊ

ता. क. बसथांब्यासमोरचा तुझा रिकामा गाळा तू दंतवैद्याला देणार, असं ऐकतो. तिथं दिवसभर हॉर्न वाजतात, म्हणजे माझ्या दृष्टीनं भांडवल तयारच आहे. त्याला इतक्यात हो म्हणू नकोस.

ता. क. दुसरं. तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं. ती म्हणते, एक गोष्ट लिहायची राहिली. कचेरी बंद झाल्यापासून मी छताकडे बघत पडायचो, डोळ्याला डोळा लागत नव्हता. गिऱ्हाईक बंद झाल्यावर रिकाम्या खाटेवर पहिल्यांदा झोपलो तो मी, आणि तेव्हापासून रोज झोपतो. ती म्हणते, "धंदा चाललाय की. गिऱ्हाईक घरातलंच निघालं." पाटी काढू का म्हणून शिंप्याला विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या. तेवढा वेळ मला कोणी ब्लाउज मागायला येत नाही."

ता. क. शेवटचं. गाळा दंतवैद्यालाच दे. फक्त तिथं धूळ खात पडलेली बाबांची आरामखुर्ची त्याआधी इकडे पाठव. पुढच्या धंद्याचा विचार तिच्यात बसून करीन. तुझी भावजय म्हणते, डोळे मिटून केलास तरी चालेल, खालचा केर मी संध्याकाळी काढीन.