बटण दाबलं म्हणजे बुकिंग झालं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून अंदाज बंद. फक्त डेटा.

आमची कंपनी लोकांचे फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन दुरुस्त करून देते. अ‍ॅपवर बुकिंग करायचं, मेकॅनिक घरी येतो. तरी निम्मे लोक अजून फोनच करतात. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, हे अ‍ॅनालिटिक्सचं टूल कोण समजून घेईल? सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी हात वर केला. पुढारीपण अंगातच असावं लागतं.

संकल्प: रोज सकाळी उठून टूलचा कोर्स. महिनाअखेर या विषयात माझा हात धरणारा कुणी नसेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोर्सवाला फार सावकाश बोलतो. दुप्पट वेगाने लावला. कळलं कमी, पण संपला लवकर. सार एवढंच: माणसाने अ‍ॅपमध्ये काहीही केलं, पान उघडलं, बटण दाबलं, की त्याची आपोआप नोंद होते. तिला इव्हेंट म्हणायचं. बस. उरलेले व्हिडिओ बघायची गरज वाटत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या डेव्हलपरबाईंशी वाद. हुशार आहे, पण शंकेखोर. म्हणाली, आपल्याला नेमकं काय शोधायचंय ते आधी ठरवू, मग इव्हेंट लावू. मी म्हणालो, आधी सगळं गोळा करू, प्रश्न आपोआप सुचतील. म्हणाली, म्हणजे आधी लग्न, मग स्थळ बघायचं?

इव्हेंटच्या नावांना तिला नियम हवा होता. वेळ कुठे आहे? ‘क्लिक’, ‘क्लिक नवीन’, ‘क्लिक नवीन खरं’ अशी सुटसुटीत नावं मीच दिली.

‘बुकिंग झालं’ या इव्हेंटवरून पुन्हा तेच. तिचं म्हणणं, बुकिंग सिस्टिममध्ये पोचलं की मगच मोजायचं. मी म्हणालो, माणसाने बटण दाबलं म्हणजे त्याचं मन झालं. मन झालं म्हणजे बुकिंग झालं. तिने लॅपटॉप मिटला आणि उठून गेली. पटलं असावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

ग्राफ आले. रंग छान आहेत.

पहिला शोध: लोक सगळ्यात जास्त वेळ पत्त्याच्या पानावर घालवतात. म्हणजे ते पान त्यांना आवडतं. डेव्हलपर म्हणाली, अडकत असतील. या बाईला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

त्या आवडत्या पानावर एक प्रश्न टाकायला लावला: ‘तुम्ही आम्हालाच का निवडलंत?’ उत्तर सक्तीचं. म्हणाली, लहान फोनवर हा प्रश्न बटणाच्याही खाली जाईल, कुणाला दिसणारच नाही. मी म्हणालो, ज्याला गरज आहे तो शोधेल. मॅडमचं नाव घेतल्यावर तिने निमूटपणे टाकला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ग्राफ ताडासारखा उभा! बुकिंग तिपटीच्या वर. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, अ‍ॅप एवढं चालतंय तर फोन कशाला पोसायचा? सोमवारपासून बंद. फोन घेणाऱ्या ताईंना गोदामात पाठवायचं ठरलं.

मी मान डोलावली. डेटापुढे माझं काय चालणार?

दुपारी ताईंनी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. मलाही जेवण गेलं नाही. भाजी खारट होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. बाथरूमभर पाणी. बायको म्हणाली, ऑफिसातल्या एखाद्या मेकॅनिकला बोलाव. मी म्हणालो, वशिला नाही, अ‍ॅपवरून कर. ती बाथरूममध्ये फोन घेऊन, मी बाहेर लॅपटॉपवर लाइव्ह नोंदी बघत.

बुकिंग झालं. बुकिंग झालं. बुकिंग झालं. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

आतून ओरडली, हे बटण मेलंय का? मी म्हणालो, अगं, तुझी सात बुकिंग झालीयेत. म्हणाली, मग साती जणांना पाठव, ओळीने पाणी उपसतील.

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. ओल्या कपड्यांचं गाठोडं बांधून ती आईकडे गेली. जाताना दार आपटलं. थकली असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन बंद. ग्राफ आणखी वर.

ऑफिसच्या जिन्यात मात्र मेकॅनिकांची गर्दी. सगळे हत्यारांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले. विचारलं तर म्हणाले, कामच नाही. मी समजावलं, कामं उरकायचा वेग वाढला आहे. त्यांच्यातले वयाने सगळ्यात मोठे होते ते म्हणाले, साहेब, उरकायला आधी ती यावी लागतात. वर जायला वाट मिळेना. वैताग.

बायकोचा निरोप: मशीन सुरू झालं की कळव. माझी चौकशी नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी दोनदा विचारलं, एवढी बुकिंग, मग कामं कुठे आहेत?

टूलच्या कंपनीला खरमरीत मेल पाठवला. उत्तर आलं, टूल तुम्ही सांगता तेच मोजतं. उद्धट लोक.

उद्यापासून कोर्स पुन्हा पहिल्यापासून. साध्या वेगाने.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कोर्स राहिला. सकाळीच मीटिंग लागली.

डेव्हलपरने स्वतःचा फोन मोठ्या पडद्याला जोडला. पत्ता भरला, बटण दाबलं. अ‍ॅप ढिम्म. शेजारच्या ग्राफवर: बुकिंग झालं, एक. परत दाबलं. अ‍ॅप ढिम्म. बुकिंग झालं, दोन. मग तिने पान खाली सरकवलं आणि माझा तो सक्तीचा प्रश्न सगळ्यांना दाखवला, ज्याच्या उत्तराशिवाय बुकिंग पुढे जातच नव्हतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी विचारलं, हा प्रश्न टाकल्यापासून अ‍ॅपवरून खरी बुकिंग किती? ती म्हणाली, तीन. त्यातलं एक मी टेस्टसाठी केलेलं.

मी म्हणालो, लोकांचा उत्साह तरी मोजला गेला. मॅडम म्हणाल्या, त्याला वैताग म्हणतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रश्न काढला. फोन परत सुरू. ताईंना बोलावलं तर म्हणाल्या, सोमवारी येईन, आणि आधी मॅडमशी बोलेन. तोवर फोन मी घ्यायचा. मॅडमना मी ग्राहकांच्या जवळ हवा आहे, त्याशिवाय एवढ्या लोकांतून मलाच निवडलं नसतं.

थोरल्या मेकॅनिकना हात जोडून घरी नेलं. मशीन सुरू झालं. बायको आली. त्यांना दोनदा चहा दिला, मला एकदाही नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून फोन. आधी सगळे रागावतात, मग पत्ता सांगतात. मी अ‍ॅपमध्ये काय सुधारणा झाल्या ते समजावायला जातो, ते मध्येच तोडतात.

दुपारी एका आजोबांचा फोन आला. ते रागावले नाहीत. फ्रिज बंद पडलाय. त्यात त्यांच्या पत्नीचं इन्शुलिन असतं. सध्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतात, प्रत्येक वेळी जिना उतरून आणायला जातात. म्हणाले, परवापर्यंत रोज तुमचं ते बटण दाबत होतो. माझंच काहीतरी चुकत असेल, मला या गोष्टी जमत नाहीत.

मी म्हणालो, तुमचं नाही चुकलं.

त्यांनी विचारलं, मग आता परत अ‍ॅपवर टाकू का?

म्हणालो, नको. मला सांगा, मी लिहून घेतो.

टेबलावर पेन नव्हतं. सापडेपर्यंत ते बिचारे थांबले.