उरलेला अर्धा ओंडका

अहो,

मशीनची चावी शोधू नका, माझ्याकडे आहे. करवतीचा नवा पट्टा चढवून तुम्ही उरलेला अर्धा ओंडकाही कापायला घ्याल, म्हणून नेली.

काल पहिली फळी नागमोडी निघाली तेव्हाच थांबायला हवं होतं. पट्टा थंड ठेवणारी पाण्याची टाकी रिकामी, दातांना डिंक चिकटलेला, पट्टा तापून वर-खाली पळत होता. मी हाक मारली तर म्हणालात, "पुढची सरळ येईल, तू बघ तर." बघितलं. पुढचीही तशीच, तिच्या पुढचीही. पट्टा तुटला म्हणून थांबलात, नाहीतर भुशालाही सरळ म्हणाला असतात.

मास्तरांच्या वडिलांनी लावलेलं झाड ते. त्याचं टेबल करून, एकमेकांशी न बोलणारी आपली भावंडं एकदा त्याभोवती बसवायची, एवढंच मास्तरांच्या मनात होतं. आता रंधा मारून फळ्या सपाट केल्या तर पुठ्ठ्याएवढी जाडी उरेल. उरलेल्या अर्ध्यात टेबल बसत नाही. मला यातून वाट दिसत नाही, आणि तुम्हाला ती नेहमीच दिसते, हीच भीती आहे.

मास्तर दुपारी परततील. त्याआधी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसते. तुम्ही गेलात तर बोलता बोलता त्यांना नसलेलं टेबल दाखवाल, आणि ते बिचारे विश्वास ठेवतील. मी ठेवतेच आहे, लग्नापासून.

जेवण झाकून ठेवलंय. खांद्याला शेक घ्या, रात्रभर कण्हत होतात.

सगळ्यांत वाकडी फळी त्यांच्या दारातच उभी करणार आहे, म्हणजे माझ्याही तोंडून गोड काही निघणार नाही.