बाबांनी वई घातली

टौरंगा,
मंगळवार, जुलै २००६

प्रिय गंधार,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. आत्ता तू समोर असतास तर त्या जागी दुसरंच काहीतरी ऐकलं असतंस. फोन करत नाही, कारण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, मग माझा आवाज चढतो, आणि बाबा शेजारच्या खोलीत असतात. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा तिथे वेलिंग्टनजवळ, पोरिरुआत, हीटर लावून बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी त्या झुडपांबद्दल, कारण तुला त्यांचंच जास्त पडलेलं आहे. आमच्या किवीच्या बागेखालून ओहोळ जातो, त्याच्या काठानं इथल्या देशी झाडांची हेज लावली तर कौन्सिल निम्मी रोपं देतं आणि पाच वर्षं न कापता सांभाळली तर वर बक्षीस देतं, ही योजना तू शोधलीस. अर्जही तूच भरलास. मान्य. पण चिखलात गुडघे रोवून मानुका, फ्लॅक्स आणि करामूची रोपं लावली ती मी आणि शशिकांतनं, आम्हा नवराबायकोनं. तीन उन्हाळे त्यातलं गवत उपटलं तेही आम्हीच. तू ख्रिसमसला रबरी चपला घालून आलास, चार फोटो काढलेस आणि ऑफिसात ‘माझी स्कीम’ म्हणून दाखवलेस. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

मे महिन्यात काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. काढणी जोरात होती. शशिकांत दिवसभर पॅकहाउसवर, मी फार्मसीत, श्रुती शाळेत आणि बाबा घरी एकटे. तू आता हेज म्हणतोस, त्याला गुहागरला आपण वई म्हणायचो, आठवतं का? मे सरत आला, पाऊस तोंडावर आला, की बाबा कोयती घेऊन परड्यात उतरायचे. वाढलेली झुडपं कमरेएवढी छाटायची, छाटलेल्या फांद्या फटींतून विणायच्या, बांधून टाकायच्या. आई गेली त्या वर्षीही त्यांनी वई घालायची चुकवली नाही. इथेही मे आला, आभाळ भरलं, शेजारच्या गाई तारेवरून माना घालायला लागल्या. त्यात बागेभोवतीची उंच झाडं यंत्र आणून भादरलेली त्यांनी पाहिली होती. त्यांना वाटलं, बागेचं झालं, ओहोळाकडचं राहिलं. पोरांना वेळ नाही, आपणच उरकू. इथला मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, हे त्यांच्या हातांना कोण सांगणार? फ्लॅक्सची पानं चिरून त्यांचे बंद केले आणि त्यांनी सगळी वई घातली, गंधार. संध्याकाळी मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. मी एकेका छाटलेल्या खोडाला हात लावून बघत गेले. त्यांना वाटलं, मला आवडली.

मग कौन्सिलची केरी आली. तिनं किया ओरा म्हणून बाबांशी हात मिळवला आणि काठ फिरून पाहिला. म्हणाली, मानुका जुन्या लाकडावर फुटत नाही, ती गेली. बाकीचं बहुतेक फुटेल. ऑगस्टच्या आत मानुका पुन्हा लावा, तेवढ्या पट्ट्याची पाच वर्षं नव्यानं धरू. झालं. ना योजना गेली, ना बक्षीस बुडालं. जिला रागवायचा पगार मिळतो ती बाई रागावली नाही.

रागावलास तू. आणि तेही फोन स्पीकरवर आहे, तुझी भाची श्रुती तिथेच बसली आहे, हे माहीत असताना. तुझं वाक्य मी विसरणार नाही: “बाबा, तुम्हाला इथलं काही कळत नाही. कशाला हात लावू नका, नुसते बसून राहा.” त्याच परड्यातल्या काजूंवर तू पुण्यात इंजिनिअर झालास. बाबा नुसतं बरं म्हणाले आणि तेव्हापासून ते खरोखरच बसून आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीत, दिवसभर. मागच्या दारचं लिंबू तोडायचं तरी मला विचारतात. मी नसले तर श्रुतीला विचारतात. ती बिचारी सांगते, “आजोबा, जस्ट टेक इट.” तरी तोडत नाहीत. मला हे बघवत नाही. रोज कामावरून येताना गाडीत मला तुझा राग येतो, आणि घरात शिरताना तो गिळावा लागतो. झुडपं सांभाळली की इथलं सरकार बक्षीस देतं. बाप सांभाळण्याची तशी योजना असती तर पहिला अर्ज तूच भरला असतास, फोटोंसकट.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी गप्प बसले असते. पण केरीच्या रिपोर्टसाठी मी तुला जो फोटो पाठवला, तो तू वेलिंग्टनच्या सगळ्या मराठी मंडळींना ईमेलनं धाडलास. वर लिहिलंस, कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं, आमच्या बाबांनी कुंपणच खाल्लं. वा रे विनोद! तो फिरत फिरत इथवर आला. गेल्या रविवारी इथल्या जगदीशकडे सत्यनारायण होता. जेवताना एक पाहुणा बाबांना अगदी हसतमुखानं म्हणाला, काका, ते कुंपण खाणारे तुम्हीच का? त्याचा काय दोष? बाबाही हसले. ताटात वाढलेलं सगळं संपवलं. गाडीत बसल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, हे गंधारनं लिहिलं का? मी नाही म्हणाले. तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि माझं खोटं त्यांना माझ्या लहानपणापासून ओळखता येतं.

काल चहा पिताना म्हणाले, परतीचं तिकीट अलीकडचं कर, गंधारला सांगू नकोस, तो कामात असतो. त्यांच्या रेसिडेन्सीचे कागद अर्ध्यावर आलेत. आता गेले तर परत येणार नाहीत, हे त्यांनाही कळतं. गुहागरला कोण आहे त्यांचं? एक बंद घर आणि त्याची किल्ली ठेवणारे मोरेश्वरकाका. तिथे जाऊन काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, “तिथे मला काही तोडायचं तर कुणाला विचारावं लागत नाही.” तिकिटाचा एजंट सुटीवर आहे, सोमवारी येईल, असं मी सांगून टाकलं. म्हणून हे पत्र. मानुकाची रोपं शेडमध्ये येऊन पडली आहेत. शनिवारी सकाळी तू मला इथे हवास. सॉरी नको, भाषण नको, तू दोन्ही फार छान करतोस. फावडं उचल आणि खड्डा कुठे खणू ते बाबांना विचार. एजंट सुटीवर नाही हे त्यांना कळलेलं आहे, तरी त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. ते सोमवारपर्यंत थांबले आहेत, गंधार, आणि माझ्यासाठी नाही.

अजून तरी तुझीच,
सिद्धीताई