तुमच्या झाडांना मी पानं काढली

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता मी तुमच्या चित्राची वाट लावून बसलोय. त्या पत्र्यावरच्या कडुलिंबांची. तेरखेड्याला फटाक्याच्या दुकानाची पाटी रंगवून येताना रस्त्यात ती झाडं तुम्हाला दिसली होती. उरलेल्या ऑइलपेंटात काढलीत, काळे-तांबडे उभे पट्टे, मधनं पिवळं ऊन, बास. पान एक न्हाय. आई चुलीपुढनं विचारते, पानं कुठं गेली म्हणून, आणि तुम्ही ब्रश रॉकेलात बुडवत म्हणता, "पानं बघायची तर रस्त्यावर जा." आई दोन दिवस तुमच्याशी बोलली न्हाय.

आपल्या पाट्यांच्या दुकानात एक गोष्ट तुम्ही मला मारून शिकवलीत. पाटी पुरी झाल्याबिगर खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव टाकायचं न्हाय. सलूनच्या पाटीवर मी आधीच टाकलं तर गिऱ्हाइकांदेखत कान पिळलात. आता त्या झाडांच्या पत्र्यावर तुमचं नावच नव्हतं. मग मी काय समजणार? अर्धवट राहिलंय, असंच समजलो. पोरीला बघायला पाहुणे यायचे होते, बैठकीत समोरच तो पत्रा. म्हटलं, बापाचं काम पुरं करू. दोन दिवस बसून हिरवीगार पानं काढली आणि कोपऱ्यात तुमचं नाव टाकलं, तुमच्याच वळणात.

मागल्या आठवड्यात तुमचे दोस्त आले, फ्रेमवाले चाचा. पत्र्याजवळ जाऊन कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बेटा, नाव त्यानं मुद्दाम टाकलं नव्हतं. नाव गिऱ्हाइकाच्या कामावर टाकायचं, हे माझं मला हाय, म्हणायचा." चहा तसाच ठेवून गेले. मी थिनरचा बोळा घेतला, एका कडेला पुसून बघितलं. हिरव्याबरोबर तुमचा तांबडाही निघाला, खाली कोरा पत्रा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झालीय. रोज समोर बसतो आणि काही करत न्हाय. तुम्हाला विचारलं असतं, पण कुठं विचारू?

हे पत्र कुठं टाकायचं न्हाय, ब्रशाच्या पेटीत ठेवतो. एक मात्र चाचांनाही बोललो न्हाय. पाहुण्यांनी पानांची लई तारीफ केली, कुणी काढली विचारलं. मी म्हणालो, वडलांनी. तेव्हा मला बरं वाटलं होतं, अण्णा. पानं खरंच चांगली आलीत.