मीन राशीचं नेहमीचं वाक्य

प्रिय म्युरिएल मावशी,

"अगं, तारे कसले! चहा संपेपर्यंत बाराही राशी लिहून होतात," असं तूच हसत सांगतेस. तरी इथे हल बंदरात तुझं रविवारचं भविष्य वाचल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नाही. "तुझ्या मावशीनं मला चारदा श्रीमंत केलं, पण चपला त्याच!" असा शेजारच्या हिल्डाचा टोमणा असतो.

माझा नवरा अर्नी मीन राशीचा. तो मासेमारीच्या बोटीवर गेला, की मीन राशीत तुझं एक वाक्य ठरलेलं असतं: 'प्रवासी सुखरूप घरी येईल.' ते माझ्यासाठी असतं, हे मला ठाऊक आहे.

आज ते नाही. आज लिहिलंयस, 'घरच्यांनी धीर धरावा.'

ताऱ्यांना मी भीत नाही, मावशी. पण तू वर्तमानपत्राच्या कचेरीत बसतेस, आणि बुडालेल्या बोटीची बातमी आमच्याआधी तिथे पोचते.

तो निघाला त्या दिवशी मी कपडे धुतले नाहीत. धुतले तर माणूस वाहून जातो म्हणतात ना. त्याचा मळका सदरा अजून खुंटीवर तसाच आहे. हात लावायचा धीर होत नाही.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. टाकलं, तर तुला उत्तर द्यावं लागेल.

तुझी,
डोरीन