हिरवं दिसलं पाहिजे

१ मार्च, रविवार
अंगणातल्या लॉनबाबत बायकोशी अखेर करार झाला. तिच्या मते ते लॉन नसून पिवळं पायपुसणं आहे. फरशी टाकून वर टेबल-खुर्च्या मांडाव्यात. मी महिन्याची मुदत मागितली. दिली म्हणाली. एकतीसला फरशीवाला येईल. तोवर हिरवं दिसलं तर त्याला चहा पाजून परत पाठवू.
गवत आपलं आपण वाढतं, आपण फक्त आडवं यायचं नाही. (वाक्य चांगलं जमलं. कुठे वाचलं तर नसेन?)

४ मार्च
खताची पिशवी आणली. वर लिहिलंय, आधी गवत थोडं कापा. उजवी बाजू जरा जास्त कापली गेली, म्हणून डावीही तेवढी केली. मग उजवी उंच वाटू लागली. न्याय करता करता मातीपर्यंत आलो. मुलगी म्हणाली, बाबा, गवत कापलंस की सोललंस?
आता मुळांना हवा मिळेल.

७ मार्च, सकाळी
मुठीने खत फेकत सगळीकडे चाललो. पाणी दिलं. प्रसन्न.

दुपारी
शेडजवळचा कोपरा राहिला का? तेव्हा फोन आला होता. कोपऱ्याला उपाशी ठेवणं बरं नाही. पण त्या एकट्यालाच दुसऱ्यांदा वाढलं तर तो पक्षपात. सगळीकडे आणखी एक हात फिरवला. हलकाच.

संध्याकाळी
हलका म्हणजे किती? मनाला खात राहायला नको म्हणून पिशवी संपवून टाकली.

११ मार्च
पाती तपकिरी झाली आहेत. नवी पालवी येण्याआधी असं होत असावं. बायको खिडकीतून ओरडली, अरे, ते जळलंय! मी म्हणालो, विश्रांती घेतंय. ती म्हणाली, परवा माझी भाजीही विश्रांतीच घेत होती, तेव्हा बरा तुला वास आला.

१२ मार्च
पिशवीवर बारीक अक्षरांत: खत जास्त झाल्यास भरपूर पाण्याने धुऊन काढावे. जास्त झालंय असं नाही. तरी पाण्याने कुणाचं वाईट झालंय? नळी सोडून ऑफिसला गेलो. परत आलो तर चपला रुतल्या. एक अजून सापडायची आहे. बायको म्हणाली, अति तिथे माती हे नुसतं ऐकून होते, आज तुडवली.

१९ मार्च
खालच्या अंगाला राहणाऱ्या काकांनी कुंपणावरून हाक मारली. या माणसाने आजवर लॉनला पेलाभर पाणी दिलेलं नाही. म्हणाले, काय रे, माझं गवत यंदा असं का माजलंय? मी तर काही केलं नाही बाबा! निसर्गाचं काही सांगता येत नाही, असं मी म्हणालो.
घरी येऊन आमच्या अंगणाच्या उताराचा विचार केला. मग तो थांबवला.

२५ मार्च
शेडमागे एक हिरवा ठिपका! सगळ्यांना बोलावलं. मुलगी म्हणाली, बाबा, ते गवत नाही, तण आहे. मी दाखवून दिलं की करारात फक्त 'हिरवं' असा शब्द आहे. बायको म्हणाली, मग भिंतीवरचं शेवाळही मोज.
मोजायला हरकत नसावी. पण ते प्रामाणिक होईल का?

३१ मार्च
फरशीवाला आला. मी कुंपणापलीकडे बोट दाखवून बायकोला म्हणालो, ते हिरवं खरं तर आपलंच. खत माझं, पाणी माझं, पत्ता तेवढा काकांचा. ती बराच वेळ हसली. मला वाटलं, पटलं. तोवर फरशीवाल्याने मापाची टेप लावली होती. रंग कोणता, असं त्याने विचारल्यावर मी हिरवा म्हणालो, निदान शब्द तरी पाळला जाईल. बायको म्हणाली, त्यावर डाग दिसतात. राखाडी ठरली.
इतक्यात काकांची हाक. गवत गुडघ्याला लागतंय, मला वाकवत नाही, जरा मशीन घेऊन येतोस का? माझ्या कामाची कुणीतरी कदर केली. लगेच निघालो. फाटकातच त्यांनी अडवलं. म्हणाले, हे बघ, नुसतं काप. बाकी काही करू नकोस.