नडग्यांवरची आंघोळ

आबा, गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी नव्या बापांना बाळाला आंघोळ घालायला शिकवलं. तुमची नात आता बसायला लागली आहे. तुमची सून रजा संपवून बँकेत जाऊ लागली, आणि मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून दिवसभर पोर माझ्याकडे असते. या गोष्टीचं इथे भलतंच कौतुक आहे. लिफ्टमध्ये शेजारच्या गुजराती काकी म्हणतात, "केटला सारा पप्पा छे," किती चांगले पप्पा आहेत. मीही मान खाली घालून हसतो आणि ते कौतुक घरी घेऊन येतो.

हॉलमध्ये मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय लांब करून बसलो आणि प्लास्टिकची बाहुली नडग्यांवर पालथी घातली. मान कशी सांभाळायची, पाणी नाकातोंडात न जाऊ देता कसं ओतायचं, सगळं दाखवलं. पाहणारे बाप मोबाइल धरून उभे. एकाने विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी म्हणालो, व्हिडिओ पाहून. अडखळलोसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

असला कुठलाही व्हिडिओ मी पाहिलेला नाही, आबा. मी तुम्हाला पाहिलं होतं. कोसाडकडची आपली भाड्याची खोली. माझ्या धाकट्या बहिणीला सव्वा महिना होताच आई साड्यांच्या घड्या घालायच्या कामावर परत गेली आणि तुम्ही कायमची रातपाळी मागून घेतलीत. सकाळी तुम्ही लूमवरून येता, केसांत सुताचा भुसा. आधी स्वतः अंगावर पाणी घेता, मग उजेडासाठी दारातच लुंगी मांडीपर्यंत खोचून बसता आणि धाकटीला नडग्यांवर घेता. चाळीतल्या बाया मुद्दाम घागर घेऊन तिथून जातात. बायकोची कामं करणारा म्हणून तुमच्यावर हसतात. माझे शाळेतले मित्र मला हाक मारायला यायचे, म्हणून एकदा मी दार लोटून घेतलं. लूमच्या खडखडाटाने तुमचे कान गेलेले, त्यामुळे तुमचं साधं बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. तुम्ही म्हणालात, "दार उघडं राहू दे. आंडेर मन्ही शे, लाज कसानी?" पोरगी माझी आहे, लाज कसली, हे सगळ्या गल्लीने ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आंघोळ झाली की तुम्ही तिला शेजारी घेऊन झोपायचात, तळहात तिच्या पोटावर ठेवून. मला वाटायचं, लाड चाललेत. पुढे आईने सांगितलं, तिचं रडणं तुम्हाला ऐकू यायचं नाही. पोट हललं की हाताला कळायचं. मीही पोरीला झोपवताना तसाच हात ठेवतो. माझे कान शाबूत आहेत, तरी ठेवतो. हेसुद्धा मी त्या बापांना शिकवलं, आणि तेही व्हिडिओच्याच नावावर खपवलं.

धाकटी आली होती हॉलमध्ये. तिला दिवस गेलेत, म्हणून नवऱ्याला शिकवायला घेऊन आली होती. जिन्यात तिने हळूच विचारलं, "भाऊ, मोबाइलमा दखी शिकना तू?" तेवढ्यात जावईबापू मागून आले आणि त्या व्हिडिओची लिंक द्या म्हणाले. मी म्हणालो, शोधून पाठवतो. धाकटी चपला घालत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावयाचे रोज मेसेज येताहेत, बिचारा मनापासून मागतोय.

तुमचं नाव घेतलं असतं तर मागोमाग लूम आलं असतं, ती खोली आली असती, खोचलेली लुंगी आली असती. हॉलमध्ये डॉक्टर होते, हिऱ्यांच्या ऑफिसातले साहेब होते. त्यांच्यासमोर मला मोबाइल बरा वाटला. तुम्ही जे केलंत त्यावर लोक हसले, आणि तेच करून मी टाळ्या घेतल्या.

लिंकच्या जागी हेच धाकटीला पाठवायचं, म्हणून लिहायला बसलो होतो. आता नाही पाठवणार. लिहिता लिहिता मनात एक गोष्ट आली, ती तिने वाचू नये असं वाटतं. तुम्ही आज असतात, त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसलेले असतात, तरीही मी व्हिडिओच म्हणालो असतो. तुम्हाला कुठे ऐकू येणार होतं, आबा.